पंचेचाळीसच्या वर

गरोदरपणी रक्तातील साखर वाढली म्हणजे त्या स्त्रीला जिभेवर ताबा ठेवता आला नाही, असा जो सरसकट निवाडा आपल्या घरोघरी दिला जातो, तो एका डोहाळजेवणाच्या पंगतीत त्या गर्भवतीच्या समक्षच दिला गेलेला मी ऐकला, आणि अशा स्त्रीच्या बाळंतपणाची तयारी स्वतः पाहावी म्हणून रीतसर परवानगी काढून एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात गेले.

निदानाची रीत साधी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, दोन तासांनी रक्त तपासायचे, आणि साखर १४० किंवा अधिक भरली की आधी दोन आठवडे पथ्य व तेवढ्याने न भागल्यास औषध सुरू करायचे. वारेतून स्रवणारी संप्रेरके मातेच्या इन्सुलिनला विरोध करतात, आणि त्या विरोधाला पुरून उरेल इतके इन्सुलिन ज्या शरीराला निर्माण करता येत नाही तेथे साखर चढते. हावरेपणाचा आरोप करणाऱ्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

तेथे भेटलेल्या एका तरुणीने भाकरी, उसळ, जेवणानंतरचे चालणे आणि रोजची साखर यांचा तपशील शाळकरी वहीत इतक्या निगुतीने टिपला होता की, एखाद्या कचेरीतील दप्तरालाही त्याचा हेवा वाटावा. ३९ आठवडे भरूनही कळा आपसूक न आल्याने त्या आणण्याचे ठरले. तिला चालू असलेले इन्सुलिन त्या सकाळी थांबवून दर दोन तासांनी साखर पाहण्याची तजवीज झाली.

परंतु खरी तयारी चालली होती ती जन्मानंतरच्या पहिल्या तासाची. मातेची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन मात्र जात नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन करू लागते, आणि नाळ कापताच ही रसद तुटली तरी त्याचा वेग तत्काळ ओसरत नाही, त्यामुळे बाळाची साखर एकाएकी उतरू शकते. हे जाणणाऱ्या वयस्क सिस्टर त्या मुलीच्या सासूला वारंवार बजावत होत्या, "मावशी, मध नको, गुळाचं पाणी नको. अंगावरचा चीक हेच औषध. बाळाच्या साखरेचा आकडा ध्यानात ठेवा, पंचेचाळीस!"

बाळ जन्मले, आईच्या उघड्या छातीवर ठेवले गेले, पिऊ लागले. मग स्पिरिटच्या उग्र दर्पात त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढला, साखर ४१ भरली. कोणीही आरडाओरड केली नाही. पुन्हा पाजले, तासाभराने पुन्हा टाच टोचली, आणि ५२ हा आकडा वाचताच, "पंचेचाळीसच्या वर!" असे त्या सासूबाईच प्रथम उद्गारल्या.

तरीही एक काम उरते, आणि ते बहुधा राहूनच जाते. पुढील आयुष्यात मधुमेह जडण्याचा धोका अशा मातेला अधिक असल्याने सहा आठवड्यांनी तिची पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी व्हावी लागते. नेमकी त्याच सुमारास बाळाची लस असते, आणि ती तारीख घरातले कोणीही विसरत नाही. त्याच दिवशी, त्याच फेरीत आईचेही रक्त तपासून घेणे, एवढी जबाबदारी तिला दोष देणाऱ्या पंगतीने उचलली पाहिजे.