घर घ्या, पण गैरहजेरी मोजून

परदेशी जायचं ठरलं की मराठी माणूस आधी घराचं बघतो. तिथल्या नव्हे, इथल्या. आईवडील कुठे राहतील, सुट्टीत आपण कुठे उतरायचं, उद्या नोकरी गेली किंवा मन रमलं नाही तर परत कुठे यायचं, या तिन्ही प्रश्नांना एका घराचं उत्तर द्यायची त्याला घाई असते. व्हिसा हाती येईपर्यंत बँकेची माणसं कर्ज घेऊन दारात उभी असतात आणि नातेवाइकांपैकी कोणीतरी 'आत्ताच घेऊन टाक, नंतर परवडणार नाही' असं सांगून मोकळं होतं.

बंगळुरूत दहा-बारा वर्षं नोकरी करून टोरांटो, म्युनिक किंवा सिडनीला निघालेल्या कुटुंबांच्या बोलण्यात अशा वेळी म्हैसूर येतं. बंगळुरूचे भाव झेपत नाहीत, पुण्याला परतायचं तर मुलं कन्नड शाळेतल्या मित्रांत रमलेली, शिवाय बऱ्याच घरांत एक सासर किंवा माहेर कर्नाटकातलं. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून 2015 आणि 2016 मध्ये म्हैसूरने पहिला क्रमांक मिळवला होता. 12 मार्च 2023 रोजी बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचं उद्घाटन झालं आणि इन्फोसिसच्या भल्यामोठ्या प्रशिक्षण संकुलामुळे माहीत असलेलं हे गाव आणखी जवळ आलं. मग शोध सुरू होतो आणि नैर्ऋत्येकडच्या कुवेंपुनगरवर बोट ठेवलं जातं. ते बोट बरोबर पडलं का, हे कशावरून ठरवायचं?

भाव किती चढेल यावरून नक्कीच नाही. परदेशी जाणाऱ्याने एकच गोष्ट मोजायची असते, आपली गैरहजेरी. आपण वर्षातले अकरा महिने नसताना हे घर कसं राहील, हा खरा निकष.

तिथेच का नाही?

जिथे जायचं तिथेच घर का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. पण दारं पूर्वीइतकी सताड उघडी राहिलेली नाहीत. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून परदेशी नागरिकांना राहतं घर विकत घ्यायला बंदी घातली आणि पुढे ती 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. वर्क परमिटवाल्यांना त्यात अटींसह सवलत आहे. ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून दोन वर्षांसाठी परदेशी खरेदीदारांना जुनी, वापरातली घरं बंद केली. न्यूझीलंडने 2018 मध्येच नियम कडक केले. सिंगापुरात एप्रिल 2023 पासून परदेशी माणसाला घराच्या किमतीवर 60 टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. म्हणजे नव्याने गेलेल्याने काही वर्षं भाड्याने राहायचं, हेच बहुतेकांच्या वाट्याला येतं. हातातली बचत मग साहजिकच मायदेशाकडे वळते.

इथे मात्र कायदा बराच मोकळा आहे. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, फ्लॅट, दुकान घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पैसे बँकेमार्फत आले पाहिजेत, म्हणजे एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातून किंवा परदेशातून थेट. शेतजमीन, मळा आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही. वारशाने आलं तर गोष्ट वेगळी.

आखलेल्या वस्तीचं मोल

प्लेगने 1896 मध्ये मुंबईला हादरवलं आणि 1898 मध्ये तिथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती ही त्याची देणगी. म्हैसूर संस्थानाने त्याच धर्तीवर 1903 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड नेमलं. 1987 च्या कायद्यानंतर त्याची जागा म्हैसूर नगरविकास प्राधिकरणाने, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मुडा'ने घेतली. आधी रस्ते, गटारं, बागा, मग भूखंड, हा क्रम इथे शंभर वर्षं रुळलेला आहे. कुवेंपुनगर ही त्याच परंपरेतली वस्ती. 1967 चा ज्ञानपीठ मिळवणारे कवी कुवेंपु यांचं नाव तिला आहे. त्यांचं राहतं घर 'उदयरवी' मात्र इथे नाही, ते शहराच्या दुसऱ्या भागात आहे. वस्तीतल्या एका रस्त्याला नृपतुंग राजाचं नाव आहे. संगीताच्या मैफली होतात ती 'गानभारती' इथेच, आणि अपोलो बीजीएस हे मोठं रुग्णालयही इथेच. कुक्करहळ्ळी तलाव आणि विद्यापीठाचं मानसगंगोत्री आवार फार लांब नाही.

इथलं नेहमीचं घर जवळून पाहिलं की बरंच काही कळतं. भूखंडाचं माप फुटांत आणि ठरलेलं: 30 बाय 40 किंवा 40 बाय 60. पुढे नारळाचं नाहीतर कढीपत्त्याचं झाड, फाटकाशी रांगोळी, आणि वरच्या मजल्याचा जिना घराच्या बाहेरून चढलेला. हा बाहेरचा जिना शोभेचा नाही. खाली मालक, वर भाडेकरू, आणि दोघांची दारं वेगळी, अशी ती सोय आहे. अंगणात फरशीखाली पाण्याची टाकी असते, तिला इथे 'सम्प' म्हणतात. नळाचं पाणी आधी तिथे साठतं, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं. नळाला कावेरी-कबिनीचं पाणी येत असेल तर सम्प भरतो. नसेल तर बोअर आणि टँकर. शहराच्या कडेच्या नव्या लेआउटमध्ये घर पाहायला गेलात तर दिवाणखान्याआधी सम्पचं झाकण उघडायला सांगा आणि शेजाऱ्याला विचारा, टँकर कितीदा येतो.

परदेशी जाणाऱ्याला असं घर दोन कारणांनी सोयीचं. खाली आईवडील आणि वर भाडेकरू, किंवा दोन्हीकडे भाडेकरू, काहीही करा, घर एकटं पडत नाही. आणि ज्या गल्लीत निवृत्त प्राध्यापक, बँकवाले, सरकारी नोकर तीस-तीस वर्षं राहतात, तिथे अनोळखी माणूस फाटकाशी थांबला की दोन खिडक्या उघडतात.

सातबाऱ्याच्या सवयीने फसू नका

मराठी माणूस घर घेताना सातबारा, प्रॉपर्टी कार्ड आणि इंडेक्स टू मागतो. कर्नाटकात कागदांची मांडणी वेगळी. इथे पहिला शब्द ऐकू येतो तो 'खाता'. खाता म्हणजे महापालिकेच्या दप्तरी मालमत्ता कराची नोंद कोणाच्या नावे आहे, याचा दाखला. तो मालकीचा पुरावा नव्हे. मालकी सिद्ध होते ती नोंदणीकृत खरेदीखतांच्या साखळीवरून. नियमांत बसणाऱ्या मालमत्तेला 'ए' खाता आणि मंजुरीत खोट असलेलीला 'बी' खाता, असा ढोबळ फरक. बी खात्याचं घर स्वस्त मिळतं, पण कर्ज आणि पुढची विक्री दोन्ही अडतात. ऑक्टोबर 2024 पासून शहरांतल्या नोंदणीसाठी ई-खाता सक्तीचा झाला आहे, म्हणून विकणाऱ्याकडे तो तयार नसेल तर इसार देऊ नये.

दुसरा कागद म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, बोलण्यात 'ईसी'. मालमत्तेवर कोणते व्यवहार, कोणती गहाणखतं नोंदली गेली, ते यात दिसतं. व्यवहार असतील तर नमुना 15, काहीच नसेल तर नमुना 16. निदान तीस वर्षांचा ईसी काढावा असं वकील सांगतात. राज्याच्या 'कावेरी' या नोंदणी-संकेतस्थळावर तो मागवता येतो.

तिसरी गोष्ट भूखंडाचा जन्म. प्राधिकरणाने सोडतीत दिलेला, लिलावात विकलेला, गृहनिर्माण सोसायटीचा, की जमीन गमावलेल्याला बदल्यात मिळालेला? बदली भूखंडांच्या वाटपावरून 2024 मध्ये मुडाचं प्रकरण देशभर गाजलं. त्यातलं खरंखोटं तपासयंत्रणा आणि न्यायालयं बघतील. घर घेणाऱ्याने मूळ वाटपपत्र, ताबापत्र आणि प्राधिकरणाने करून दिलेलं खरेदीखत बघावं. प्राधिकरणाच्या भूखंडाला सुरुवातीला काही वर्षं विक्रीची बंदी असते. ती मुदत संपण्याआधी 'मुखत्यारपत्रावर' झालेला सौदा दिसला तर तिथूनच मागे फिरावं. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलं आहे.

खर्चाचाही अंदाज वेगळा ठेवा. महाराष्ट्रात नोंदणी फीला 30 हजारांची मर्यादा आहे. कर्नाटकात तशी मर्यादा नाही, आणि 31 ऑगस्ट 2025 पासून ती फी 1 वरून 2 टक्के झाली. एक कोटीच्या घराला नुसती नोंदणी फी 2 लाख. 5 टक्के मुद्रांक आणि त्यावरचे सेस-अधिभार धरले तर एकूण साडेसात टक्क्यांच्या वर जातं.

रिंग रोडपलीकडचा मोह

कुवेंपुनगरचे भाव ऐकून मोटार आपोआप रिंग रोडपलीकडे वळते. तिथे कमान, दोन पाम आणि डांबरी रस्ता दिसतो आणि दलाल 'रेव्हेन्यू साइट' म्हणतो. याचा अर्थ, कागदावर ती अजून शेती आहे. बिनशेती झालेली नाही, लेआउट मंजूर नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने 2020 मध्ये ती अट काढली, त्यामुळे मराठी खरेदीदाराला हे आकर्षक वाटतं. पण नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी झालात, आणि अनिवासीला शेतजमीन विकत घेता येत नाही. जाण्याआधी घेतलेली ठेवता येते, गेल्यावर नवी घेता येत नाही.

मंजूर लेआउटमधला मोकळा भूखंडही गैरहजर मालकाला सोपा नसतो. दोन पावसाळ्यांत त्यावर गाजरगवत कमरेइतकं वाढतं, शेजारच्या बांधकामाचा राडारोडा तिथे येऊन पडतो, आणि पाठोपाठ साप. म्हैसूरमध्ये घरात साप निघणं ही इतकी रोजची गोष्ट आहे की 'स्नेक श्याम' या नावाने ओळखले जाणारे सर्पमित्र पुढे नगरसेवक झाले. रिकामा भूखंड साफ ठेवा म्हणून पालिकेची नोटीस येते ती म्हैसूरच्या पत्त्यावर, आणि मालक असतो मेलबर्नला.

दूर गेल्यावरचे हिशेब

घर भाड्याने दिलं की संपलं, असं अनेकांना वाटतं. मालक अनिवासी असेल तर भाडं लहान असलं तरी भाडेकरूने 30 टक्के आणि वर सेस कापून सरकारकडे भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं. मालकाला विवरणपत्र भरून परतावा मिळतो, किंवा आधीच कमी कपातीचा दाखला काढता येतो, पण हे करारात लिहिलेलं बरं. कर्नाटकात 'भोग्य' नावाचा प्रकारही चालतो. भाडेकरू काही लाख एकरकमी देतो, दरमहा भाडं देत नाही, मुदत संपली की पूर्ण रक्कम परत. ज्याला रक्कम ऐनवेळी परत करणं जड जाईल त्याने यात पडू नये.

विकतानाही अनिवासी असल्याची किंमत आहे. 23 जुलै 2024 नंतर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. त्याआधी घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्याय निवासी व्यक्तीला ठेवला आहे, अनिवासीला नाही.

आपल्या वतीने सही करणारा माणूस निवडताना नात्याइतकंच अंतर बघा. नाशिकच्या भावाने म्हैसूरच्या कार्यालयात किती खेपा घालायच्या? मुखत्यारपत्र ठरावीक कामांपुरतं द्या. ते परदेशात केलं तर वकिलातीत किंवा अपॉस्टिल करून घ्या, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा. भारतातला मोबाइल क्रमांक मात्र चालू ठेवा. कर, बँक, ईसी, सगळ्याचा ओटीपी त्यावरच येतो.

मग कुवेंपुनगर की आणखी कुठे?

कुवेंपुनगरचे दोषही सांगायला हवेत. विद्यारण्यपुरमच्या कचरा डेपोचा वास वाऱ्याच्या दिशेप्रमाणे दक्षिणेकडच्या वस्त्यांना छळतो, म्हणून घर सकाळी, संध्याकाळी आणि पावसात, तिन्ही वेळा पाहावं. जुन्या घरांत वायरिंग आणि नळ बदलण्याचा खर्च धरावा. गल्लीत दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकाला मागे जावं लागतं. परदेशाचं विमान बहुधा बंगळुरूहूनच पकडावं लागतं, आणि तो विमानतळ बंगळुरूच्या पलीकडे, देवनहळ्ळीला. थेट फ्लायबस आहे, पण पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीच निघावं लागतं. आईवडील मराठीच बोलणारे असतील तर भाजीवाल्यापासून पालिकेपर्यंत कन्नड लागेल. दादरहून येणारी शरावती एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच.

एवढं मान्य असेल तर माझा सल्ला सोपा आहे. जायला वर्ष असेल तर आईवडिलांसाठी इथे आधी भाड्याने घर घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. त्यांना औषधाचं दुकान, बाग आणि बोलायला माणूस पायी सापडला, तर त्याच गल्लीत घर शोधा. तोवर ई-खाता, ईसी आणि खरेदीखतांची साखळी स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या. आईवडील येणारच नसतील, भाडेकरूकडे बघणारं कोणी नसेल आणि परत यायची तारीखही ठरत नसेल, तर घर घेऊच नका, ना कुवेंपुनगरात, ना रिंग रोडपलीकडे. पैसे मुदत ठेवीत राहू द्या. उद्या भाव चढले म्हणून थोडं महाग घर घ्यावं लागेल, तो तोटा पगारातून भरून निघतो. सात समुद्रांपलीकडून रिकाम्या घराचा खटला लढणं मात्र कोणत्याच पगारात बसत नाही.