घरचा जुना संगणक अडला तर काय करावे?



आपला गोंदिया जिल्हा धानाचा. त्यात ऊस लावणाऱ्याला हिशेब चोख ठेवावा लागतो, कारण उसाचा पैसा वर्ष-दीड वर्षाने हाती येतो. संगणक आणि ऊस यांची गाठ आपल्या राज्यात जुनीच आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडून उसाची माहिती गावातच देण्याची योजना सुरू झाली होती. आपल्याकडेही काही सभासदांच्या घरी मुलांसाठी घेतलेला जुना डॉसचा संगणक अजून चालतो. लागण, खत व तोडणीच्या नोंदी ते त्यावर ठेवतात. त्यात काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करावा लागतो. यंत्र अडले की इंग्रजीत एक ओळ उमटते आणि माणूस घाबरून दिसेल ते बटण दाबतो. नुकसान होते ते तिथेच.

बांधीत पाणी आले नाही म्हणून कोणी धुरा फोडत सुटत नाही. आधी कालव्याचे गेट पाहतो, मग पाट, मग बांधीचे तोंड. इथेही तसेच. पडद्यावरची ओळ आधी वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. कुठे अडले ते तीच सांगते.

१) 'बॅड कमांड ऑर फाईल नेम' : यात यंत्र बिघडलेले नसते. हुकमाचे स्पेलिंग चुकले, किंवा तो प्रोग्राम दुसऱ्या कप्प्यात आहे, एवढाच अर्थ. 'डीआयआर' टाईप करून यादी पाहावी. नाव दिसत नसेल तर 'सीडी'च्या पुढे कप्प्याचे नाव देऊन त्या कप्प्यात जावे. डॉसच्या फाईलचे नाव आठ अक्षरांचे आणि टिंबानंतर तीन, याहून लांब नसते. कप्प्यांच्या नावांमध्ये उलटी तिरपी रेघ लागते. सुलटी टाकली तर हुकूम चालत नाही.

२) 'नॉन-सिस्टीम डिस्क' : संगणक सुरू करताना फ्लॉपी आत राहिली आहे का ते आधी पाहावे. असेल तर ती काढून कोणतेही बटण दाबावे.

३) 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' : फ्लॉपी नीट बसलेली नाही किंवा खराब झाली आहे. तीच फ्लॉपी नीट बसवून 'आर' दाबावे. या वेळी दुसरी फ्लॉपी मुळीच घालू नये. पहिलीची यादी दुसरीवर लिहिली जाऊन दोन्ही हिशेब जाण्याचा धोका असतो. जमलेच नाही तर 'ए' दाबून थांबावे. 'फॉरमॅट' हा हुकूम मात्र कोणी सांगितला तरी देऊ नये. तो दिला की जुन्या नोंदी गेल्याच समजा. आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी येते, तेव्हा ती कोरड्या डब्यात ठेवावी.

४) तारीख १-१-१९८० दिसणे : आतली छोटी बॅटरी संपली आहे. ती बदलून घ्यावी आणि 'डेट' हुकमाने तारीख पुन्हा घालावी.

आता सर्वात महत्त्वाचे. पुष्कळ डॉस संगणक व त्यावरचे हिशेबाचे प्रोग्राम आधी महिना, मग दिवस असे वाचतात. १५ जुलैची लागण '१५-७' अशी टाकली तर यंत्र 'इनव्हॅलिड डेट' म्हणून अडते, म्हणजे चूक लगेच कळते. पण ५ ऑगस्टची लागण '५-८' टाकली तर ते काही न बोलता ८ मे धरते. ऊस कागदावर तीन महिन्यांनी मोठा होतो. त्यावर विसंबून तोडणीचा अंदाज बांधला, मजूर आणि उसनवारी ठरवली, तर सगळेच गणित चुकते. कोवळा ऊस तोडला तर वजनही कमी आणि साखरही कमी. अडणारे यंत्र परवडले, मुकाट्याने चुकीचे घेणारे नाही.

म्हणून दोन नियम पाळावेत. काहीही दुरुस्त करण्यापूर्वी हिशेबाच्या फाईलची नक्कल वेगळ्या फ्लॉपीवर 'कॉपी' हुकमाने काढावी. नव्या फ्लॉप्या आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे कागदावर छापूनही ठेवावी. आणि गळीत हंगामापूर्वी घरची प्रत्येक लागण-तारीख कारखान्याच्या नोंद पावतीशी ताडून पाहावी. फरक दिसल्यास पावती घेऊन आमच्या शेतकी खात्याकडे यावे, ही विनंती.