नाताळची आरास आणि तिचें मूळ

नाताळ हा शब्द आपल्या कानांस इतका परिचयाचा झाला आहे कीं, तो बाहेरून आला हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. तो पोर्तुगीजांबरोबर गोव्यांत आला. त्यांच्या भाषेंतील 'नाताल' आणि त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन 'नातालिस' या दोहोंचा अर्थ जन्मासंबंधींचा, जन्मदिवसाचा, असा आहे. लॅटिनमधील 'नातुस' म्हणजे जन्मलेला. त्याचें जुनें रूप 'ग्नातुस', आणि संस्कृतांतील 'जन्' धातूपासून झालेलें 'जात' हें त्याचें सख्खें भावंड होय. जन्माष्टमींतील 'जन्म' आणि नाताळांतील 'ना' हीं एकाच घराण्यांतलीं आहेत असें सांगितलें, तर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस नवल वाटणार नाहीं. इतरांस कदाचित् वाटेल.

शब्दाचें मूळ असें चटकन् सांपडतें. आरासीचें तसें नाहीं. डिसेंबर उजाडला कीं मुंबई-पुण्याच्या दुकानांतून हिरवीं झाडें, चकचकीत गोळे, तांबड्या फिती आणि कागदी तारे दिसूं लागतात, आणि घरांतील मुलें वडीलधाऱ्यांस विचारतात कीं, हें सर्व कशासाठीं? त्यांस दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी म्हणतो, हें सर्व येशूच्या काळापासून चालत आलें आहे. कोणी, चार इंग्रजी पुस्तकें चाळलेला, ऐटींत सांगतो कीं, यांत ख्रिस्ताचें कांहींच नाहीं. हा सगळा प्राचीन मूर्तिपूजकांचा ठेवा असून चर्चनें तो उचलला एवढेंच. दोन्ही उत्तरें ऐकीव आहेत. खरें पाहतां या आरासींतील बराच मोठा भाग चार-पांचशें वर्षांपलीकडचा नाहीं, आणि त्यांतील पुष्कळ गोष्टी जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखांत, साध्या घरांतून व शाळांतून, बहुधा मुलांच्याच निमित्तानें जन्मास आल्या. शिवाय या आरासीचे दोन निराळे वर्ग आहेत. गव्हाण आणि तारा हीं त्या धर्माची कथा सांगतात. झाड, गोळे आणि हिरवा पाला हीं मुख्यतः कडक हिवाळ्यांतील घर सजवितात. हा भेद ज्यास ठाऊक आहे, त्यास आपल्या घरीं काय टांगावें व काय न टांगावें हें दुसऱ्यास विचारावें लागणार नाहीं.

प्रथम गव्हाण. लूकच्या शुभवर्तमानांत एवढेंच आहे कीं, उताराच्या जागीं स्थळ न मिळाल्यामुळें आईनें तान्ह्या बाळास गुंडाळून गव्हाणींत ठेविलें. मराठी भाषांतरकारांनीं येथें 'गव्हाण' हा शब्द योजिला, तो मला फार समर्पक वाटतो. ज्यानें गुरांचा गोठा पाहिला आहे त्यास पुढें कांहीं सांगावेंच लागत नाहीं. चित्रांतून जवळ उभे असलेले बैल व गाढव मात्र लूकनें सांगितलेले नाहींत. यशया प्रवक्त्याच्या ग्रंथांत, बैल आपल्या धन्यास ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखतें, अशा अर्थाचें एक वचन आहे; त्याच्या आधारानें तीं दोघें मागाहून कथेंत शिरलीं. इ. स. १२२३ च्या नाताळांत इटलींतील ग्रेच्चो या डोंगरी गांवीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें खरें गवत भरलेली गव्हाण मांडून, शेजारीं जिवंत बैल व गाढव उभे करून, तेथेंच उपासना करविली. भोवतालचे गांवकरी मशाली घेऊन जमले होते. त्यांस लॅटिन पोथी कळत नव्हती. गोठा कळत होता. घरोघरीं लहान मूर्ती मांडण्याची चाल पुढें वाढली, तिला या प्रसंगानें मोठें बळ मिळालें.

गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून हा गोठा मुलेंच बांधतात. माती, गवत, दगड जमवितात आणि शेतें हिरवीं दिसावींत म्हणून कांहीं दिवस आधीं नाचणी किंवा दुसरें धान्य पेरून त्याचे कोंब वाढवितात. पुण्याकडे दिवाळींत अंगणांतील मातीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या मुलांस हें काम शिकवावें लागणार नाहीं. ही जन्मकथा आपल्या भाषेंतही कांहीं आजची नव्हे. १५७९ सालीं गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री मराठी शिकला, आणि ओवीबद्ध असें त्याचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांतच रायतूर येथें छापून निघालें. गंमत अशी कीं, येशूजन्माच्या ओव्या मराठींत छापल्या गेल्या त्या काळीं या ग्रंथकाराच्या मायदेशीं घरांत नाताळचें झाड उभें करण्याची चाल नव्हती; ती रुजण्यास तेथें आणखी दोन शतकें जावीं लागलीं.

आतां झाडाकडे वळूं. त्याचा माग ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यांत, आज फ्रान्सांत असलेल्या आल्सास प्रांतांत लागतो. तेथील सेलेस्ता या गांवच्या १५२१ सालच्या हिशेबवहींत, नाताळच्या सुमारास जंगलांतील झाडें राखणाऱ्या रखवालदारांस चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. लोक झाडें तोडून घरीं नेऊं लागले होते, हें त्यावरून उघड होतें. पुराणवस्तुशास्त्रज्ञांच्या तर्कांपेक्षां अशा एका रोकड-नोंदीवर माझा अधिक विश्वास बसतो. पुढें १६०५ सालच्या एका लेखांत स्ट्रासबुर्ग शहराचें वर्णन आहे. तेथील लोक दिवाणखान्यांत फरचीं झाडें उभीं करीत, आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदें, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख व साखरेची मिठाई टांगीत. फर हें आपल्या देवदाराच्या कुळांतलें, बाराही महिने हिरवें राहणारें झाड आहे.

परंतु फरच्या झाडास सफरचंदें कां? त्याचें उत्तर बहुतेक अभ्यासक असें देतात. जुन्या ख्रिस्ती पंचांगांत २४ डिसेंबर हा आदाम व एवा यांचा दिवस होय. त्या सुमारास मध्ययुगांत नंदनवनांतील पतनाचें नाटक होई, आणि त्यास फळांनीं लगडलेलें एक झाड लागे. डिसेंबरांत त्या थंड मुलखांत सफरचंदाच्या झाडावर फळ तर नसतेंच, पानही नसतें. तेव्हां हिरव्या फरला सफरचंदें बांधून काम भागविलें. नाटकें मागें पडलीं आणि झाड घरांत आलें. उत्तरेकडील जर्मन टोळ्या पूर्वीं वृक्षपूजा करीत हें खरें आहे. पण त्या पूजेपासून या झाडापर्यंत पोहोंचणारी अखंड परंपरा दाखविणारा कागद नाहीं, आणि मधली पोकळी थोडीथोडकी नव्हे, सात-आठशें वर्षांची आहे.

मेणबत्त्यांविषयींही अशीच एक गोष्ट सांगतात. मार्टिन लूथर चांदण्या रात्रीं अरण्यांतून येत होता, फांद्यांतून चमकणारे तारे पाहून त्यास घरच्या मुलांकरितां झाडावर दिवे लावण्याची कल्पना सुचली, इत्यादि. गोष्ट गोड आहे. पण लूथर १५४६ सालीं वारला आणि त्याच्या काळच्या लेखांत तिचा पत्ता नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील चित्रांनीं ती घरोघर पोहोंचविली. लिझेलोटे या जर्मन राजकन्येचें १७०८ सालचें पत्र मात्र अस्सल आहे. ती फ्रान्सच्या राजाच्या भावास दिलेली. सासरीं उभें आयुष्य काढलेल्या या बाईनें म्हातारपणीं आपल्या मुलीस लिहितांना माहेरच्या नाताळाची आठवण काढली आहे. टेबलांवर लहान झुडपें मांडीत आणि प्रत्येक फांदीस एक मेणबत्ती लावीत, असें ती सांगते. नाताळच्या झाडावरील दिव्यांचा हा फार जुना विश्वसनीय उल्लेख आहे, आणि तो एका सासुरवाशिणीच्या पत्रांत सांपडतो.

इंग्लंडांत हें झाड राजघराण्याच्या जर्मन सोयरिकींतून आलें. १८०० सालीं शार्लट राणीनें विंडसर येथें मुलांच्या मेळाव्यासाठीं झाड सजविलें. तरी तें सामान्य जनांत पसरलें नाहीं. १८४८ च्या डिसेंबरांत 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नें व्हिक्टोरिया राणी, तिचा जर्मन पति आल्बर्ट व मुलें झाडाभोंवतीं उभीं असल्याचें चित्र छापलें, आणि मग मध्यमवर्गाच्या घरांतून झाडें दिसूं लागलीं. फिलाडेल्फियाच्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकानें १८५० सालीं तेंच चित्र घेतलें. मात्र राणीच्या मस्तकावरील मुकुट आणि आल्बर्टच्या मिशा खोडून टाकिल्या, म्हणजे तें एखाद्या अमेरिकन गृहस्थाचें कुटुंब दिसावें! एका मासिकांतील चित्रानें केवढें काम केलें, हें मासिकें वाचणाऱ्यांनीं पाहण्यासारखें आहे.

झाडावरील कांचेचे गोळे हे मूळच्या सफरचंदांचेच वारस. थुरिंगिया प्रांतांतील लाउशा या कांचकामाच्या गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते होऊं लागले. घरांतील कर्ता पुरुष कांच फुंकी, बायका आंतून रुपेरी मुलामा चढवीत, आणि मुलें वर टोपण बसवीत. एका कुटुंबाच्या श्रमानें दुसऱ्याच्या घरीं लखलखाट होई.

हिरव्या पाल्याची कथा थोडक्यांत सांगतों. हॉली आणि आयव्ही थंडींतही हिरवीं राहतात, म्हणून घरांत आलीं; हॉलीचे कांटे म्हणजे येशूचा कांटेरी मुकुट आणि तांबडीं फळें म्हणजे रक्त, हा अर्थ मागाहून बसविलेला आहे. तिसरी वनस्पति मिसलटो. ती दुसरी कोणी नसून आपलें बांडगूळ आहे! संस्कृतांत त्यास 'वृक्षादनी', झाडास खाणारी, म्हणतात, आणि आपण ज्यास बांडगूळ म्हणतों तो गृहस्थ रागावतो. तिकडे तें दारावर मानानें टांगतात. पांढरीं वस्त्रें नेसलेले ड्रुइड नांवाचे पुरोहित ओक वृक्षावरील बांडगूळ सोन्याच्या विळ्यानें कापीत, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांत लिहिलें आहे. पण त्याखालीं तरुण-तरुणींनीं चुंबन घेण्याची इंग्रजी चाल अठराव्या शतकाच्या सुमारास लेखांत दिसूं लागते. तिचा आणि ड्रुइडांचा संबंध जोडणें म्हणजे दोन टोकें धरून मधली दोरी आहेच असें मानणें होय. या थाटास खुद्द ख्रिस्ती लोकांतही विरोध झाला. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटानें १६४७ सालीं नाताळचा सणच रद्द ठरविला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्यास पांच शिलिंग दंड होता.

मला स्वतःला या सर्वांत अधिक प्रिय अशा दोन वस्तू आहेत, त्या शिक्षकांच्या हातून घडल्या म्हणून असेल. हांबुर्ग येथें योहान हिन्रिख विखर्न यानें १८३३ सालीं अनाथ व उनाड मुलांसाठीं आश्रम काढला होता. डिसेंबर लागला कीं तीं मुलें रोज विचारीत, नाताळास किती दिवस उरले? १८३९ सालीं विखर्ननें गाडीचें एक जुनें चाक घेतलें आणि त्यावर वीस लहान तांबड्या व चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या. रोज एक लहान, रविवारीं एक मोठी, अशा त्या वाढत्या उजेडांत मुलें दिवस मोजूं लागलीं. गणिताचा धडा निराळा द्यावा लागला नाहीं. पुढें चाकाचें हिरव्या पाल्याचें कडें झालें आणि बहुतेक घरांतून चारच मेणबत्त्या राहिल्या.

दुसरी वस्तु मोरेव्हियन पंथाच्या वसतिशाळांतला तारा. या पंथाचे प्रचारक ग्रीनलंडापासून आपल्या हिमालयांतील लाहूलपर्यंत पसरले होते, आणि त्यांचीं मुलें कोवळ्या वयांत जर्मनींतील शाळांतून ठेविलेलीं असत. सण आला तरी आईबाप समुद्रापलीकडे. अशा शाळांपैकीं नीस्की येथील शाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भूमितीच्या तासास कागदाचा तारा करवूं लागले. त्याची आज प्रचलित असलेली रचना सांगतों, कारण ती जमविण्यासारखी आहे. मध्यें अठरा चौरस आणि आठ त्रिकोण अशा सव्वीस बाजूंचें घनाकृति शरीर. एक चौरस टांगण्यास व दिव्यास मोकळा सोडून बाकी प्रत्येक बाजूवर एक निमुळतें टोक, म्हणजे सतरा आणि आठ मिळून पंचवीस टोकें. पुठ्ठा एक रेषाभर चुकला तर टोक बसत नाहीं, आणि मुलास आपली चूक शिक्षकाआधीं कळते. नाताळपूर्वींच्या चौथ्या रविवारीं हा दिवा लावून तो टांगीत. पुढें याच शाळांचा एक माजी विद्यार्थी हेर्नहूट गांवीं हे तारे करून विकूं लागला, आणि ते देशोदेशीं गेले.

आपल्याकडे बांबूच्या कामट्या बांधून, पतंगी कागद खळीनें चिकटवून जो पांच टोकांचा तारा करितात, त्याची कारागिरी आकाशकंदिलाचीच आहे. गोव्यांतील कोंकणींत त्यास 'नखेत्र' म्हणतात. शब्द आपला 'नक्षत्र'च. मत्तयाच्या शुभवर्तमानांत हा तारा पाहून पूर्वेकडून 'मागी' आले असें सांगितलें आहे. मागी म्हणजे इराणचे पुरोहित. आपल्या पुराणांत सूर्यपूजक मग ब्राह्मण येतात, त्यांचें नातें विद्वान् लोक यांच्याशींच लावतात. ते किती होते हें मत्तय सांगत नाहीं. सोनें, ऊद व गंधरस अशीं दानें तीन, म्हणून आणणारे तीन मानले, आणि लोकांनीं पुढें त्यांस राजेही केलें. पणजीसमोर मांडवीच्या पलीकडे रेईश मागूश म्हणून गांव आहे, त्याच्या नांवाचा अर्थ हाच, मागी राजे. तेथें, तसेंच चांदर आणि कांसावली येथें, ६ जानेवारीस तीन मुलांस राजांचा पोशाख चढवून मिरवितात. कांसावलीस तीं घोड्यांवर बसून टेकडीवरील देवळाकडे जातात, आणि खालीं घरोघरचीं नखेत्रें त्यानंतर उतरवून ठेवितात.