यंत्राच्या हाती स्टिअरिंग

13 मार्च 2004 रोजी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, बार्स्टो गावाजवळ, एक विलक्षण शर्यत झाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने ती भरवली होती. अंतिम फेरीसाठी 15 गाड्या निवडल्या होत्या आणि एकीतही चालक नव्हता. अंतर सुमारे 228 किलोमीटर, बक्षीस 10 लाख डॉलर. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सगळ्यांत पुढे गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’. पण तीही 12 किलोमीटरच्या आतबाहेर, डोंगरातल्या नागमोडी वळणांवर, मातीच्या बांधावर चढून अडकली. एका संघाची गाडी पहिल्याच काटकोनी वळणावर उलटली. आणखी एक सुरुवातीच्या आवारातच भलत्या दिशेला वळली.

अशा गाड्यांचा विषय निघाला की लोक कॅमेऱ्यांविषयी, लेसरविषयी, संगणकाविषयी बोलतात. घरच्या शेडमध्ये पेट्रोल इंजिनावर चालणारी रोबो गाडी जुळवणाऱ्याला मात्र पहिला घोर असतो स्टिअरिंगचा. डावीकडे 10 अंश वळ, असा हुकूम संगणक क्षणात सोडतो. चाक खरोखर तेवढं वळलं का आणि वेळेत वळलं का, इथे सगळं अडतं.

बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रोबोला ही अडचण फारशी येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र मोटर असते. एक हळू केली की रोबो त्या बाजूला वळतो. पेट्रोल इंजिनाचा शाफ्ट एकच. त्याची ताकद डाव्या-उजव्या चाकांत हवी तशी, हवी तेव्हा वाटायची तर क्लच आणि ब्रेकचा मोठाच पसारा उभा करावा लागतो. म्हणून हौशी कारागीर बहुतेक वेळा मोटारगाडीचीच वाट धरतात, म्हणजे पुढची दोन चाकं वळवायची.

त्यातही एक मेख आहे. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळातून जातं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एक चाक जमिनीवर घासत राहतं. म्युनिकच्या गेओर्ग लँकेनश्पेर्गरने 1817 मध्ये घोडागाड्यांसाठी यावर तोड काढली आणि पुढच्याच वर्षी रुडॉल्फ अ‍ॅकरमनने इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. ती रचना आजही अ‍ॅकरमनच्याच नावाने ओळखली जाते. समजा, गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत 1.2 मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्या चाकांत 80 सेंटिमीटर, आणि गाडीला 3 मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं आहे. तर आतलं चाक सुमारे 25 अंश वळायला हवं आणि बाहेरचं साडेएकोणीस. चाकांना जोडलेले स्टिअरिंगचे दांडे किंचित तिरके ठेवून हा फरक साधतात. ‘बाहा’ स्पर्धेसाठी पेट्रोल इंजिनाच्या गाड्या बांधणारे महाराष्ट्रातले अभियांत्रिकीचे विद्यार्थीही हाच हिशेब मांडतात.

हे दांडे ढकलायला काय लावायचं? भंगार बाजारात सहज मिळणारी, 12 व्होल्टवर चालणारी वायपर मोटर अनेकांची लाडकी. तिच्या पोटातल्या वर्म गिअरमुळे जोर चांगला मिळतो आणि खड्ड्यात चाकाला बसलेला हिसका उलट मोटर फिरवू शकत नाही. पण ती संथ आहे. मिनिटाला 60 फेरे घेणारी मोटर थेट स्टिअरिंगच्या दांड्याला जोडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत 3 फेरे लागत असले, तर पूर्ण वळायला 3 सेकंद जातात. तेवढ्या वेळात ताशी 20 किलोमीटरने चाललेली गाडी जवळजवळ 17 मीटर पुढे गेलेली असते. शिवाय चाकं सगळ्यांत जड लागतात ती गाडी जागेवर उभी असताना. जॅकवर उचललेल्या गाडीत झोकात फिरणारी मोटर गाडी खाली उतरवल्यावर नुसतीच गुरगुरते, म्हणून जोराची चाचणी जमिनीवरच घ्यायला हवी, तीही इंजिन आणि पेट्रोलच्या पूर्ण वजनासह.

आता मोजमाप. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतो तसला साधा पोटेन्शिओमीटर चाकाचा कोन सांगू शकतो. साध्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर तो सुमारे पाव अंशाचा फरक दाखवतो आणि घरगुती गाडीला तेवढं पुरतं. प्रश्न उरतो तो बसवायचा कुठे. मोटरच्या शाफ्टवर बसवणं सोपं, पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये सांधे असतात आणि ते झिजतात. स्टिअरिंगला प्ले आला, असं गॅरेजमध्ये म्हणतात तो हाच. मोटर सरळ आहे आणि चाक 3 अंश तिरकं आहे, असं झालं तर वरच्या मापाची गाडी 10 मीटर जाईपर्यंत 2 मीटर बाजूला सरकते. संगणकाच्या लेखी मात्र सगळं ठीक असतं! म्हणून थोडी धूळ-चिखल सोसावी, पण मोजणारा भाग चाकाच्या सांध्यावरच बसवावा.

कोन कळला तरी तो किती दुरुस्त करायचा हे वेगावर ठरतं. 8 ऑक्टोबर 2005 रोजी डार्पाची दुसरी शर्यत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘स्टॅन्ली’ने जिंकली, 212 किलोमीटर अंतर तिने 7 तासांच्या आत कापलं. ही डिझेलवर चालणारी फोक्सवागन टुआरेग. तिच्या स्टिअरिंगच्या दांड्याला एक डीसी मोटर जोडली होती. त्या मोटरला हुकूम देणारं सूत्र देखणं आहे. गाडीचं तोंड रस्त्याच्या दिशेपासून जेवढं फिरलं असेल, तेवढा कोन आधी धरायचा. मग गाडी मधल्या रेषेपासून जितकी सरकली असेल, त्या अंतराला वेगाने भागून आणखी थोडा कोन मिळवायचा. वेग वाढला की ही दुरुस्ती आपोआप सौम्य होते, नाहीतर गाडी डावी-उजवी हेलकावत राहिली असती.

स्टिअरिंगचा सगळ्यांत धाडसी प्रयोग होता ‘घोस्टरायडर’ या पेट्रोलवरच्या मोटरसायकलचा. बर्कलीच्या तरुणांनी ती बांधली होती. ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हँडल झटकन वळवून मोटर तिचा तोल सावरत असे. 2004 च्या शर्यतीत तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची कळ सुरू करायचीच राहून गेली आणि ती सुरुवातीलाच आडवी झाली. तरीही ती पुढे स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, आणि तो मान तिला मिळायलाच हवा होता.

पेट्रोल इंजिनाचे आणखी दोन त्रास आहेत. स्पार्क प्लगच्या ठिणगीमुळे तारांमध्ये विजेचा गोंधळ शिरतो आणि कोनाचे आकडे उड्या मारू लागतात. त्यासाठी रेझिस्टर असलेला प्लग आणि जाळीचं आवरण असलेल्या तारा वापरतात. दुसरा त्रास जास्त गंभीर. संगणक बंद पडला तरी इंजिन चालूच राहतं आणि वर्म गिअर चाकाला शेवटच्या कोनातच धरून ठेवतो. म्हणून डार्पाने प्रत्येक गाडीला दुरून थांबवायची सोय सक्तीची केली होती. मॅग्नेटोवर चालणाऱ्या लहान इंजिनात किल वायर चॅसिसला टेकली की ठिणगी थांबते. ती वायर अशा रिलेतून न्यायची की कंट्रोलचा वीजपुरवठा तुटताच ती आपोआप चॅसिसला टेकेल. मग मागची चाकं जॅकवर उचलून, इंजिन सुरू करून, कंट्रोलच्या बॅटरीची वायर उपसून पाहायची. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं, तरच गाडी खाली उतरवायची.