ब्राउझर का कोसळतो?

(द्वितीय वर्ष कला)

संगणक बंद पडला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, "कुणी हात लावला?" ज्याच्या घरात मागच्या पिढीने संगणक पाहिलेला नाही, अशा विद्यार्थ्याच्या मनाला हा प्रश्न फार लागतो. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून हे अनुभवाने सांगतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता ब्राउझर एकाएकी नाहीसा झाला, की आमच्यासारख्यांना वाटते, हे आपल्याला जमणारे कामच नव्हे. वास्तविक पुष्कळदा दोष हात लावणाऱ्याचा नसून मेमरीच्या हिशेबाचा असतो. आणि हिशेब म्हटला की तो कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही तपासता येतो!

मोबाइल घेताना दुकानदार आपल्याला दोन आकडे सांगतो. समजा, 4 जीबी आणि 64 जीबी. यांतला मोठा आकडा म्हणजे साठवणुकीची जागा. घरातले धान्याचे कोठार म्हणा. लहान आकडा म्हणजे रॅम, अर्थात चालू कामाची मेमरी. जेवायला बसण्याचा ओटा. कोठार कितीही मोठे असले तरी एका पंगतीला माणसे बसणार ती ओट्यावर मावतील तेवढीच. ही जागा कोणाला किती द्यायची, हे ठरवते ती ऑपरेटिंग सिस्टिम. ब्राउझर हा तिच्याकडे सतत जागा मागणारा पाहुणा आहे, कारण उघडलेले प्रत्येक पान, त्यातले प्रत्येक चित्र आणि चलच्चित्र जागा खाते.

ही मागणी तीन ठिकाणी अडते. ती तीन ठिकाणे ओळखता आली, म्हणजे निम्मे काम झाले.

पहिली अडचण पत्त्यांची. 32-बिट पद्धतीत मेमरीतील प्रत्येक बाइटचा पत्ता 32 अंकांत लिहितात आणि प्रत्येक अंक शून्य किंवा एक असतो. असे पत्ते 4,29,49,67,296 होतात, म्हणजेच 4 जीबी. 32-बिट विंडोज यातील 2 जीबी एरवी स्वतःच्या व्यवहारासाठी ठेवते आणि एका प्रोग्रॅमला 2 जीबीच देते. अशा संगणकात रॅम वाढवूनही ही मर्यादा हलत नाही. पोस्टमनजवळ पत्रे कितीही असोत, गल्लीत घरांचे क्रमांकच संपले तर पत्र द्यायचे कोठे? याच कारणाने विंडोजवर क्रोम 2014 साली आणि फायरफॉक्स 2015 साली 64-बिट स्वरूपात आले. विंडोज 11 तर 64-बिट स्वरूपातच मिळते. मात्र जुन्या संगणकांवर अजूनही 32-बिट व्यवस्था आढळते.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. रॅम रिकामी दिसते, तरीही ब्राउझर कोसळतो! हे कोडे एस.टी.च्या उदाहरणाने सुटते. गाडीत जागा रिकामी दिसते, पण कंडक्टर बसू देत नाही. कारण ती पुढच्या थांब्यावरच्या प्रवाशाने आरक्षित केलेली असते. विंडोज नेमके हेच करते. एखाद्या प्रोग्रॅमने मेमरी मागून घेतली, की ती वापरली असो वा नसो, विंडोज ती आरक्षित धरते. अशा सगळ्या आश्वासनांची बेरीज रॅम आणि डिस्कवरची पेजिंग फाइल या दोहोंच्या बेरजेपुढे जाऊ शकत नाही. ती मर्यादा गाठली की नव्या मागणीला नकार मिळतो आणि तो नकार पचवता न आल्याने ब्राउझर जागीच थांबतो. पेजिंग फाइल गरजेप्रमाणे वाढू शकते. पण डिस्क गच्च भरलेली असेल, किंवा जागा वाचवण्यासाठी कुणी ती फाइलच बंद करून ठेवली असेल, तर वाढणार कशी?

या बाबतीत फायरफॉक्सच्या मंडळींनी केलेला उपाय मोठा बोधप्रद आहे. पेजिंग फाइल वाढवायला विंडोजला थोडा अवधी लागतो, आणि ब्राउझर तर पहिल्याच नकाराला प्राण सोडत होता. म्हणून 2022 साली त्यांनी अशी योजना केली, की नकार मिळाला तर क्षणभर थांबायचे आणि पुन्हा मागायचे. एवढ्याशा धीराने अशा प्रकारचे कोसळणे पुष्कळच कमी झाले.

तिसरी अडचण आपल्या मोबाइलमधली. अँड्रॉइड ज्या लिनक्सवर उभे आहे, ते आश्वासने सढळ हाताने देते. जागांपेक्षा तिकिटेच जास्त! मग सगळे प्रवासी खरोखरच आले, तर कुणाला तरी खाली उतरवावे लागते. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड प्रथम पडद्याआड गेलेल्या अ‍ॅपना बंद करते. ओटीपी पाहायला आपण संदेशांत जातो, किंवा दाखल्याचा फोटो काढायला कॅमेरा उघडतो. त्या वेळी पडद्याआड जातो तो आपला अर्ज. परत यावे तर पान नव्याने उघडते आणि भरलेली माहिती गेलेली असते. शेवटच्या तारखेच्या रात्री हे घडले, तर वर्षाच्या फीचा प्रश्न उभा राहतो, हे येथे वेगळे सांगायला नको.

आता उपाय. प्रथम पाहावे, की एकच पान मेले की सबंध ब्राउझर गेला. एकच पान वारंवार मरत असेल, तर ते पान किंवा त्याला जोडलेले एखादे एक्स्टेन्शन संशयित धरावे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली, तर कोणते पान किती मेमरी खाते याची यादी दिसते. सबंध ब्राउझर जात असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा. परफॉर्मन्स या भागात मेमरीखाली 'कमिटेड' असा शब्द असतो व त्याखाली दोन आकडे असतात. पहिला आकडा दुसऱ्याला भिडू लागला असेल, तर एस.टी.चे आरक्षण भरले असे समजावे. अशा वेळी नको असलेले प्रोग्रॅम बंद करावेत, डिस्कवर जागा मोकळी करावी आणि पेजिंग फाइलचे व्यवस्थापन विंडोजकडेच सोपवावे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम टाइप' पाहावा. व्यवस्था 64-बिट असून ब्राउझर 32-बिट असेल, तर तो बदलून घ्यावा. मोबाइलवर अर्ज भरण्यापूर्वी इतर सर्व अ‍ॅप बंद करावीत, दाखल्यांचे फोटो आधीच काढून ठेवावेत, आणि ओटीपी शक्य तर दुसऱ्या फोनवर घ्यावा किंवा वर उतरणाऱ्या सूचनेतच वाचावा. अर्जात मसुदा जतन करण्याची सोय असेल, तर प्रत्येक टप्प्यावर ती वापरावी.

गुरुजनांना एकच विनंती आहे. अर्जांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी संगणक कक्षातील प्रत्येक यंत्राची डिस्क किती भरली आहे आणि पेजिंग फाइल चालू आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. त्याला पैसा लागत नाही. एका यंत्राला पाच मिनिटे पुरतात, आणि या कामासाठी दोन-चार विद्यार्थी हवे असतील, तर त्यांतला एक मी आहे.