आकाशात आग लागली तर

मंडळी, गावात गवताच्या गंजीला आग लागली की आपण काय करतो? हाळी देतो. विहिरीपासून माणसांची रांग लावतो आणि घागरी हातोहात पुढे जातात. काहीच साधलं नाही, तर निदान लांब जाऊन उभे राहतो. पण हीच आग जमिनीपासून दहा किलोमीटर उंचीवर, विमानात लागली तर? तिथे विहीर नाही आणि पळायला जागाही नाही. अशा वेळी धावून येतो तो बाटलीत भरून ठेवलेला एक वायू. तो काय करू शकतो आणि कुठे त्याचे हात टेकतात, ते आज पाहू.

आगीला जळण, उष्णता आणि प्राणवायू ही तीन लागतात, हे आपण शाळेत शिकलो. शिक्षकबंधूंनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. खोल भांड्यात खाण्याचा सोडा घेऊन त्यावर लिंबू पिळावे. जो फेस येतो त्यातून कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो. भांडे पेटत्या मेणबत्तीवर अलगद कलते केले, आतले पाणी सांडू दिले नाही, तरी ज्योत विझते. वायूने प्राणवायूला बाजूला सारले, एवढेच झाले.

मग विमानात हाच वायू का सोडू नये? अडचण अशी, की बंद जागेतली आग त्याने दाबायची तर हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्याने भरावा लागतो. अशा हवेत माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडेल. आग विझेल, पण माणसेही जातील.

म्हणून हेलॉन नावाचे वायू वापरात आले. त्यांत ब्रोमीन असते आणि त्याची करामत निराळी आहे. ज्योतीतही घागरींसारखी रांग असते बरं का! तापलेले, फुटलेले कण आग एकमेकांच्या हाती देत पुढे नेतात. ब्रोमीन या रांगेतले गडी ओढून काढते. रांग तुटली की ज्योत मरते. त्यामुळे शंभर भाग हवेत पाचेक भाग हेलॉन पुरतो.

विमानात जिथे याची योजना असते, त्यांतली तीन ठिकाणे पाहू. पहिले ठिकाण म्हणजे शौचालयातली कचरापेटी. ११ जुलै १९७३ रोजी ब्राझीलच्या वारिग कंपनीचे विमान पॅरिसजवळ येत असताना मागच्या शौचालयातून धूर निघू लागला. धावपट्टीपासून पाचेक किलोमीटर अलीकडेच, कांद्याच्या शेतात, वैमानिकांनी विमान उतरवले. पण १३४ पैकी १२३ जण दगावले, आणि त्यांतले बहुतेक विषारी धुराने. १९८३ सालच्या जूनमध्ये एअर कॅनडाच्या विमानातही शौचालयातच आग भडकली आणि ४६ पैकी २३ जण गेले. अशा अपघातांनंतर नियम कडक झाले. आता शौचालयात धूर ओळखणारे यंत्र असते आणि कचरापेटीवर छोटी बाटली असते. तिच्या नळीचे तोंड लवकर वितळणाऱ्या धातूने बंद केलेले असते. पेटी तापली की ते वितळते आणि वायू आपोआप आत सुटतो. कुणी बटण दाबावे लागत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे पोटातला सामानाचा कप्पा. तिथे माणूस पोचू शकत नाही. धुराची सूचना मिळताच वैमानिक बटण दाबतात. पहिली बाटली एकदम मोकळी होऊन आग दाबते. नंतर दुसरीतून वायू हळूहळू सुटत राहतो, म्हणजे विमान उतरेपर्यंत आग पुन्हा डोके वर काढत नाही. समुद्रावरून जाताना हा वेळ काही तासांचाही असू शकतो.

तिसरे ठिकाण प्रवाशांचा कक्ष. तिथे छतातून वायूचा लोट सोडणारी योजना नसते, कारण तिथली हवा आपण श्वासाला घेतो. तिथे असतात हातात धरायच्या बाटल्या आणि त्या चालवायला शिकलेले कर्मचारी.

हेलॉनला एक खोडही आहे. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो. म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार पुढारलेल्या देशांनी १९९३ अखेर त्याचे उत्पादन थांबवले. जुना साठा शुद्ध करून विमानांत अजून वापरतात. कचरापेट्यांसाठी आणि हातबाटल्यांसाठी मात्र दुसरे वायू आले आहेत.

आता आपल्या कामाची गोष्ट. मोबाइलची किंवा पॉवर बँकेची लिथियम बॅटरी बिघडली की आतूनच तापत जाते. एक कप्पा तापला की शेजारचाही तापतो. वायूने ज्वाला विझते, पण आतली धग तशीच राहते. राखेखालचा निखारा कसा धगधगतो, तसेच. म्हणून कर्मचारी आधी ज्वाला विझवतात आणि मग वरून भरपूर पाणी ओतून बॅटरी थंड करतात. सामानाच्या कप्प्यात पाणी ओतायला कोण आहे? म्हणूनच पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत देऊ नयेत, आपल्याजवळ ठेवाव्यात, असा नियम आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी मुलाला भेटायला किंवा यात्रेला विमानाने निघाला, तर एवढे करा. पॉवर बँक जवळच्या पिशवीत ठेवा. आत विडी-सिगरेट ओढू नका. फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन हलवू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. जळका वास आला, काही गरम लागले, तर संकोच न करता तत्काळ हाक मारा. आणि खाली उतरा म्हटले, की सामान तिथेच सोडून उतरा. बाटलीतला वायू आपल्याला सवड मिळवून देतो. त्या सवडीचे सोने करायचे, ते माणसांनीच.