होडी विसाव्यास येते तेव्हा

वैशाख सरत आला आणि नैर्ऋत्येच्या कडेस काळसर ढगांची रांग दिसू लागली, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरील वाड्यांत निराळीच लगबग सुरू होते. शेतकरी बियाणे बाहेर काढतो. गृहिणी सुकी मासळी, आमसुले व लाकूडफाटा घरात भरते. आणि दर्यावर जाणारा आपली होडी घरी आणतो. जिने वर्षभर कुटुंबास पोसले, तिला विसाव्यास निजविण्याचे हे दिवस. परक्यास हे काम क्षुल्लक वाटेल. परंतु पुढल्या हंगामाची पेज याच चार-सहा दिवसांच्या काळजीवर शिजते, हे आम्ही किनाऱ्यावरचे लोक जाणून आहोत.

यांत्रिक मासेमारीस आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस कायद्याने बंदी असते, कारण हा पुष्कळ मासळीच्या विणीचा काळ. आमच्या आजोबांच्या वेळी असा कायदा नव्हता. दर्याच आपले दार लावून घेई. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा उभा राहतो आणि त्यावर फुटणाऱ्या लाटांपुढे कोणाचेही शहाणपण चालत नाही.

होडी वर घेण्यास अमावास्येची वा पौर्णिमेची उधाणाची भरती साधावी लागते. गोल ओंडके खाली घालून वीस-पंचवीस खांदे एकदम लागले, की ती वाळूवर चढते. या खांद्यांत ख्रिस्ती कोण आणि हिंदू कोण, हे कोणी विचारीत नाही. मग चिकटलेले शिंपले व शेवाळ खरवडून ती गोड्या पाण्याने धुवावी आणि चांगली वाळू द्यावी. लाकूड पोखरणारा खाऱ्या पाण्यातील किडा टाचणीएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढतो; बाहेरून फळी धडधाकट दिसते, आत मात्र पोकळ! म्हणून जाणते लोक प्रत्येक फळी ठोकून तिचा आवाज ऐकतात. होडी पाण्याबाहेर पुरती वाळली म्हणजे हा किडा मरतो. सांध्यांत कापूस व राळ भरावी. काथ्याने शिवलेली जुन्या धर्तीची होडी असेल, तर कुजका काथ्या काढून नवा ओवावा. त्यानंतर काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्यावा. हे तेल कातडी भाजते, म्हणून आधी हातांस खोबरेल चोळण्यास विसरू नये.

पुष्कळांची चूक होते ती येथून पुढे. खारे पाणी लाकूड टिकविते, गोडे पाणी ते कुजविते. म्हणून होडी भुईवर न टेकविता दगड व ओंडक्यांवर उचलून, चार-पाच ठिकाणी आधार देऊन ठेवावी. नाहीतर वाळवी लागते आणि पाठीचा कणाही वाकतो. एक टोक किंचित उतरते ठेवून तळाचे बूच काढावे, म्हणजे शिरलेले पाणी वाहून जाईल. वर विणलेल्या झावळ्यांचे छप्पर घालावे, पण वारा खेळता राहिला पाहिजे. घट्ट गुंडाळलेली होडी आतून घामेजते व सडते. यंत्र असल्यास ते गोड्या पाण्यावर थोडे चालवून, टाकीतील तेल काढून, घरात कोरड्या जागी ठेवावे. आज पुष्कळांच्या होड्या फायबरच्या आहेत. त्यांस किडा लागत नाही हे खरे. परंतु यंत्र, दोर आणि जाळी यांची निगा त्यांसही चुकलेली नाही.

सर्वांत कठीण काम मात्र हातांचे नाही, मनाचे आहे. हंगामाच्या शेवटी मासळीस भाव चढतो, डोक्यावर दुकानदाराची उधारी असते आणि मन म्हणते, आणखी एकच खेप! आमच्याच वाड्यावर एका बापलेकांनी काळवंडलेल्या आभाळाकडे पाठ करून अशी एक खेप केली. देवदयेने दोघेही पोहत तीरास लागले, पण होडीच्या फळ्याच तेवढ्या परत आल्या. ती उधारी फेडण्यास त्यांस पुढे तीन वर्षे दुसऱ्याच्या होडीवर राबावे लागले. आभाळ नेहमी पंचांग पाहून येते असेही नाही. २०२१ साली तौक्ते चक्रीवादळाने १६ मे रोजीच गोव्यास झोडपले. बंदीचा पहिला दिवस तेव्हा पंधरवडाभर दूर होता.

संत पौलाच्या प्रवासाची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. क्रीट बेटाशी जहाज पोहोचले, तेव्हा प्रवासाचा हंगाम उलटला होता. हिवाळा येथेच काढावा, असे पौलाने सांगितले. परंतु शताधिपतीने तांडेल व जहाजमालक यांचेच ऐकले. मंद दक्षिण वारा सुटला, सर्वांस हायसे वाटले आणि मग वादळाने त्यांस गाठले. २७६ जीव माल्टाच्या किनाऱ्यास सुखरूप लागले, पण जहाज गेले. तीन महिन्यांनी त्यांस पुढे कोणी नेले? त्याच बेटावर हिवाळाभर शहाणपणाने विसावलेल्या एका दुसऱ्या जहाजाने!

त्याच पौलाचा आणि कोळी असलेल्या संत पेत्राचा सण २९ जून रोजी, ऐन पावसात येतो. कांदोळी, रायबंदर अशा गावी त्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून सांगोड सजवितात आणि वाद्ये-गाणी यांच्या गजरात पाण्यावर फिरवितात. जाळे टाकण्यासाठी नव्हे, केवळ आनंदासाठी होडी पाण्यात उतरते, तो हा दिवस.

उरलेल्या दिवसांत ओसरीवर जाळी विणावी, मुलांस गाठी शिकवाव्यात, सायंकाळी सर्वांनी मिळून रोजरी म्हणावी. हंगामात बाप पहाटे जातो आणि थकून परततो. लेकरांस तो पुरता भेटतो तो पावसाळ्यातच. हंगामाच्या मिळकतीतून थोडे या दिवसांसाठी बाजूस ठेवले असेल, तर हा विसावा चिंतेचा न होता कृपेचा होतो. होडीस विसावा लागतो, दर्यास लागतो, मग माणसास का लागू नये? वेळेवर थांबणे हाही देवावरील विश्वासाचाच एक प्रकार आहे, असे आम्हांस वाटते.